लिलावात फोटो माझे, मजकूर माझा, घड्याळ कुणाचं?

टिकटिक
मंगळवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी दादरचा. जुनी चावीची घड्याळं जमवतो, उघडून साफ करतो, तेलपाणी करतो आणि कपाटात जागा उरली नाही की एका परदेशी लिलाव साइटवर विकतो. मुख्यतः एचएमटी: जनता, पायलट वगैरे. धंदा म्हणावा इतकं त्यात सुटत नाही आणि छंद म्हणावा तर बायको पटवून घेत नाही.

मागच्या आठवड्यात जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाचा निरोप आला. त्याने माझ्याकडून पायलट घेतलं होतं. निरोपात एक लिंक आणि एवढंच: "घड्याळ माझ्या मनगटावर आहे आणि इथे त्याच्यावर बोली चालू आहे. हे कसं काय?"

लिंक उघडली तर सगळे फोटो माझे. खाली मजकूरही शब्दन् शब्द माझा. मी लिहिलं होतं की मागच्या झाकणावर एक ओरखडा आहे, तो मुद्दाम पॉलिश करून घालवलेला नाही. ते वाक्य तसंच. मुंबईत असाल तर दादर स्टेशनजवळ येऊन घड्याळ हातात घेऊन बघा, हेही तसंच. विक्रेत्याचं ठिकाण मात्र भलत्याच राज्यातलं! म्हणजे या गृहस्थाने चोरलेला मजकूर एकदा वाचायचेही कष्ट घेतले नाहीत.

'रिपोर्ट' बटण दाबलं. आपोआप उत्तर आलं की नियमभंग आढळला नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

हे मला इतकं का झोंबलं ते सांगतो. परदेशातल्या संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' म्हणून एक शिवी आहे. जुनं मशीन घ्यायचं, डायल नव्याने रंगवायची, कुठलेतरी काटे लावायचे आणि 'ओरिजिनल' म्हणून खपवायचं. त्यामुळे विक्रेता मुंबईचा दिसला की लोक आधीच भिवया उंचावतात. जवळून काढलेले स्वच्छ फोटो आणि दोष लपवायचे नाहीत, या दोन गोष्टींवर मी थोडंफार नाव कमावलं. आता तेच फोटो दाखवून कुणीतरी रंगवलेली डायल पाठवणार, आणि तो गिऱ्हाईक फोटो शोधत शोधत माझ्या दारात येणार.

तर प्रश्न असे: रिपोर्टच्या पलीकडे काय करता येतं? फोटोंबरोबर मजकुराचीही तक्रार होते का? आणि पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी?

बोरीबंदर

नेटवर टाकलं ते जगाचं झालं, टिकटिकराव. फोटोवर मोठा वॉटरमार्क टाका आणि झोपा.

टिकटिक

@बोरीबंदर, डायलच्या मधोमध नाव टाकलं तर घेणाऱ्याला डायल दिसणार कशी? जुन्या घड्याळाची निम्मी किंमत डायलच्या अवस्थेवर असते. आणि कोपऱ्यात टाकलं तर ते कापायला दोन सेकंद लागतात.

रिकामटेकडा

वाखुसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कलमदान

मी वकिली करते. पण हा सल्ला नाही, गप्पा आहेत. प्रकरण मोठं असेल तर कागद घेऊन कुणाकडे तरी रीतसर जा.

टिकटिक, तुम्ही चुकीच्या खिडकीवर उभे होता. रिपोर्ट बटण कुणालाही दाबता येतं. ते बनावट माल, बंदी असलेल्या वस्तू, घाणेरडा मजकूर अशा तक्रारींसाठी असतं. तिथे बसलेल्या माणसाला (किंवा यंत्राला) घड्याळाच्या लिलावात घड्याळाचा फोटो दिसतो. त्यात नियमभंग कुठला दिसणार? फोटो कुणी काढला हे त्याला माहीतच नाही.

कॉपीराइटची तक्रार वेगळ्या वाटेने जाते आणि ती फक्त हक्काचा मालक किंवा त्याने अधिकार दिलेला माणूस करू शकतो. ईबेवर त्यासाठी 'व्हेरो' नावाची व्यवस्था आहे, म्हणजे व्हेरिफाइड राइट्स ओनर. नाव वाचून ते मोठ्या ब्रँडांसाठीच आहे असं वाटतं, पण स्वतः फोटो काढणारा साधा विक्रेताही तिथे नोटीस देऊ शकतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवर कॉपीराइटचा स्वतंत्र फॉर्म आहे. बहुतेक मोठ्या साइटवर असा फॉर्म असतोच, फक्त तो तळाशी बारीक अक्षरात दडवलेला असतो.

तक्रारीत भावना नकोत. "हा चोर आहे, याने माझं नाव खराब केलं" हे सगळं खरं असलं तरी वगळा. माझी मूळ नोंद ही, तिचा क्रमांक हा, तारीख ही. त्याची नोंद ही. त्यातले अमुक फोटो आणि अमुक परिच्छेद माझे, मी परवानगी दिलेली नाही. खाली नाव, पत्ता, सही. अमेरिकन साइट असेल तर त्यांच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही हे खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून लिहून देत असता, तेव्हा जे आपलं नाही त्यावर हक्क सांगू नका.

यावरून एक विचारते. फोटो तुम्ही स्वतः काढलेत का?

टिकटिक

नाही हो. भाचा काढतो. कॉलेजात आहे, त्याच्याकडे चांगली लेन्स आहे. पैसे घेत नाही, वडापाववर काम भागतं. का?

कलमदान

हीच भीती होती.

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. घड्याळ तुमचं, टेबल तुमचं, कल्पना तुमची असली तरी पहिला मालक भाचा. कलम १७ मध्ये एक अपवाद आहे: मोबदला देऊन कुणाकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर पैसे देणारा मालक होतो. वडापाव हा मोबदला आहे की नाही यावर एखाद्या न्यायमूर्तींचं मत ऐकायला मला मजा येईल, पण तुम्ही तिथवर जाऊ नका.

दोन मार्ग. एक, भाच्यानेच तक्रार करावी किंवा तुम्हाला लेखी अधिकार द्यावा. दोन, त्याने हक्क तुमच्या नावे लिहून द्यावेत. तोंडी चालत नाही, कलम १९ ला सहीचा कागद लागतो. आणि इथे बरेच जण फसतात: कागदावर मुदत लिहिली नाही तर हस्तांतर पाचच वर्षांचं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. तुमचा माल जातो जर्मनीला, साइट परदेशी. तेव्हा 'जगभर' आणि 'हक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी' हे शब्द हवेतच. कोणते फोटो तेही लिहा. भाचा सज्ञान आहे ना?

मजकूर तुम्ही स्वतः लिहिलाय, त्यामुळे त्याचे मालक तुम्हीच. नोंदणी सक्तीची नाही. ती असली तर कोर्टात पुरावा म्हणून उपयोग होतो, पण नसली म्हणून हक्क जात नाही.

टिकटिक

एकोणीस पूर्ण. उद्याच सही घेतो. आता बहुतेक वडापाववर भागणार नाही.

तिरकस

मला यातलं एक कळत नाही. घड्याळ बनवलं कारखान्याने, डायल रेखाटली त्यांच्या माणसाने. तुम्ही वरून कॅमेरा धरला. यात निर्मिती कुठे आली? आणि "१७ ज्वेल, हाताने चावी, स्टीलची केस" हे काय साहित्य झालं का? उद्या मी 'दूध, अर्धा लिटर' असं लिहून हक्क सांगेन.

कलमदान

@तिरकस, निम्मं बरोबर. सतरा ज्वेल, केसचं माप, मॉडेलचं नाव ही माहिती आहे आणि माहितीवर कुणाचीच मालकी नाही. तेवढंच उचललं असेल तर तक्रार करू नका, फेटाळतील. पण मशीन कुठल्या अवस्थेत मिळालं, काय बदललं, काय तसंच ठेवलं हे स्वतःच्या शब्दांत लिहिलेले दोन परिच्छेद ही वेगळी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात म्हटलं की नुसते कष्ट पुरेसे नाहीत, थोडीतरी सर्जकता हवी. 'थोडीतरी'वर लक्ष द्या. उजेड, कोन, मांडणी आपण निवडली की फोटोला तेवढं पुरतं.

चिकटपट्टी

मग माझं काय? मी टपाल तिकिटं विकतो. जुन्या संस्थानांची, पहिल्या दिवसाची पाकिटं वगैरे. स्कॅनरवर ठेवायचं आणि स्कॅन टाकायचा. तेही उचलतात राजरोस.

कलमदान

तुमची बाजू लंगडी आहे, चिकटपट्टी. सपाट वस्तूची हुबेहूब प्रत काढली तर त्यात तुमचं स्वतःचं असं काय? न्यूयॉर्कच्या एका फेडरल कोर्टाने १९९९ मध्ये ब्रिजमन विरुद्ध कोरल या खटल्यात हेच म्हटलं: हक्क संपलेल्या चित्रांच्या तंतोतंत छायाचित्रांवर नवा कॉपीराइट मिळत नाही. तो निकाल भारतीय कोर्टांवर बंधनकारक नाही, पण अमेरिकन साइटवरचे लोक त्याच चष्म्यातून बघतात.

तिकीट चिमट्यात धरून, तिरप्या उजेडात, छिद्रांची कड दिसेल असा फोटो काढा. हक्काचं पारडं जड होतं आणि गिऱ्हाइकालाही कागदाचा पोत दिसतो. आणि दुसऱ्याने तुमचा स्कॅन लावून भलतंच तिकीट पाठवलं तर ती फसवणूक आहेच. तिला कॉपीराइटची गरज नाही.

जुना_भिडू

तुम्ही पोरं नशीबवान, फॉर्म तरी आहेत. मी बाझीच्या काळापासूनचा. बाझी डॉट कॉम ही आपल्या मुंबईचीच लिलावाची साइट होती, २००४ मध्ये ईबेने घेतली. भारतातली ईबे साइट २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाली तेव्हा मला घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं.

तेव्हा फोटो आपल्या सर्व्हरवर ठेवून लिलावात त्याचा दुवा द्यायची पद्धत होती. चोर आळशी, तो आख्खा एचटीएमएल (पानाचा कोड) उचलायचा, दुव्यासकट. म्हणजे त्याच्या लिलावात दिसणारा फोटो माझ्या सर्व्हरवरून यायचा! एका मित्राने काय केलं, स्वतःच्या लिलावातलं फाइलचं नाव बदललं आणि जुन्या नावाने दुसरंच चित्र ठेवलं: "हा विक्रेता फोटो चोरतो". बोली चालू असताना. विक्रेत्याला कळायच्या आत पार जपानपर्यंत लोकांनी पाहिलं.

आता फोटो साइटच्याच सर्व्हरवर चढतात, ती गंमत गेली.

बोरीबंदर

हा हा हा, भारीच!! टिकटिकराव, तसं नाही जमलं तर आपण सगळे मिळून त्या लिलावात वाट्टेल त्या रकमेच्या बोली लावू. जिंकायचं आणि पैसे द्यायचेच नाहीत. त्याचं नाव आणि नंबरही इथे टाका, बघून घेऊ.

कलमदान

अजिबात नको. खोट्या बोलीने बंद होईल ते तुमचं खातं, त्याचं नाही. नाव-नंबर टाकाल आणि तो बिचारा निघेल ज्याचं खातं दुसऱ्याने हॅक केलंय, असंही होतं. जुनी, गिऱ्हाइकांच्या चांगल्या शेऱ्यांची खाती हॅक करून त्यावर चोरलेले फोटो लावणं ही नेहमीची पद्धत आहे.

आणखी एक. "कोर्टात खेचीन, तुरुंगात घालीन" असे निरोप पाठवू नका. आपल्याच कायद्याचं कलम ६० सांगतं की कॉपीराइटच्या निराधार धमक्या दिल्या तर समोरचा तुमच्यावर दावा लावू शकतो. तुमची बाजू खरी असली तरी एकदा शांतपणे लिहावं, नाहीतर थेट फॉर्म भरावा.

संपादक मंडळ

कुणाचंही नाव, नंबर, खात्याचा दुवा धाग्यात टाकू नये. तसे प्रतिसाद उडवले जातील.

मॅक्रो_मामा

मी फोर्टात बोरा बाजारच्या आसपास कॅमेऱ्यांच्या दुकानांत आयुष्य घालवलेला माणूस. कायदा ताई सांगतायत, मी पुराव्याचं सांगतो, कारण खरी गंमत पुढे असते. तुम्ही तक्रार केली की चोर उलटून म्हणतो, फोटो माझेच. काही बहाद्दर तर आधी स्वतःच तुमच्याविरुद्ध तक्रार ठोकतात आणि तुमचीच नोंद उडते. तेव्हा फोटो आपला आहे हे दोन मिनिटांत दाखवता आलं पाहिजे.

लिलावात टाकता ती छोटी केलेली जेपीजी. मूळ फाइल कधीच बाहेर देऊ नका. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढत असाल तर उत्तम, रॉ चोराकडे असूच शकत नाही. मोबाइलवर काढत असाल तर मूळ फाइल फोनमधून थेट संगणकावर घ्या. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून स्वतःलाच पाठवून मग मोबाइलमधली उडवणारे लोक मी पाहिलेत. व्हॉट्सअॅप आकार घटवतं आणि कॅमेरा, तारीख, वेळ ही आतली माहिती पुसतं. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

त्याहून मोठा पुरावा म्हणजे न वापरलेले फोटो. एका घड्याळाचे आपण दहा-पंधरा फ्रेम काढतो, त्यातले चार टाकतो. उरलेले हलले, बोट आलं म्हणून उडवू नका. त्याच कपड्यावर, त्याच उजेडात, तेच घड्याळ एक इंच सरकलेलं, असा फ्रेम ज्याच्याकडे आहे तोच छायाचित्रकार. यापुढे चोर गप्प बसतो. आणि कडा कापून टाका: बाहेर टाकलेल्या फोटोत चारी बाजूंचं थोडं कमी ठेवा. तुमच्याकडे पूर्ण चित्र, त्याच्याकडे कापलेलं.

टिकटिक, तुमचे फोटो मी त्या दुसऱ्या धाग्यात पाहिलेत. तुमच्या पायलटच्या मागच्या स्टीलच्या झाकणात खिडकीची जाळी दिसते, डिझाइनसकट. ती जाळी तुमच्या घरात आहे ना? तिचा एक फोटो जोडा तक्रारीला.

पार्श्वभूमीही ओळखीची ठेवा. पांढरा कागद सगळेच वापरतात. मी खणाचं कापड वापरतो, त्या काठाची नक्षी ठरावीक ठिकाणी घड्याळाखाली येईल असं मांडतो. पार्श्वभूमी कापून काढणारी साधनं आता फुकट मिळतात हे खरं, पण चोर आळशी असतो हे जुन्या भिडूने सांगितलंच. शिवाय घड्याळाच्या बाजूला आपला आयडी आणि तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी, एका तरी फोटोत, चिठ्ठीचं टोक पट्ट्याखाली घातलेलं. डायल झाकली जात नाही आणि ती सहज कापताही येत नाही.

शोधायचं कसं? गूगल लेन्स आणि टिनआय, दोन्ही फोटोवरून फोटो शोधतात. दोन्हीकडे टाका, एकाला सापडतं ते दुसऱ्याला सापडेलच असं नाही. उलटी केलेली प्रतिमाही टाकून बघा, डायलचे आकडे नसलेला मागच्या बाजूचा फोटो चोर आरशासारखा फिरवून लावतात. मजकुरासाठी एक लांब, स्वतःच्या ढंगाचं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा.

टिकटिक

जाळीचं मला सुचलंच नसतं. बघितलं, अगदी स्पष्ट आहे. मामा, तुम्हाला एक कटिंग लागू.

शुभदा_पार्ले

मी घेणारी बाजू. माझ्या सासऱ्यांसाठी जनता शोधत होते, त्यांना त्यांच्या पहिल्या पगाराच्या घड्याळासारखं हवं होतं. एका ग्रुपवर फार सुंदर फोटो दिसले, किंमतही कमी. संशय आला म्हणून विक्रेत्याला म्हटलं, काटे सात पंचवीसवर लावून एक फोटो पाठवा. आधी म्हणाला बॅटरी संपली आहे. चावीच्या घड्याळाची! मग म्हणाला घड्याळ गावाला आहे. मग ब्लॉक.

घेणाऱ्यांनी हे एवढं करावंच. फोटो कुणाचाही असो, ज्याच्या हातात घड्याळ आहे त्याला काटे फिरवायला किती वेळ लागतो?

तिरकस

बॅटरी संपली!! _/\_

शुभदाताईंची युक्ती मान्य. आणि पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन ताबडतोब, दुसऱ्या दिवशी नाही. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर आले.

टिकटिक
रविवार, सकाळी ९:०५

अपडेट. भाच्याने सही दिली (मोबदल्यात आयफोन मागतोय, वाटाघाटी चालू आहेत). साइटच्या कॉपीराइट फॉर्मवर तक्रार केली, कलमदान यांनी सांगितलं तशीच कोरडी. जाळीचा फोटो आणि दोन न वापरलेले फ्रेम जोडले. लिलाव संपायच्या आत नोंद उतरली.

पण आज बघतो तर त्याच विक्रेत्याची दुसरी नोंद आहे. फोटो दुसऱ्या कुणाचे तरी, मजकूर माझाच, फक्त जरा फिरवलेला. एखाद्या एआयला सांगून वाक्यं बदलून घेतल्यासारखा. ओरखड्याचं वाक्य आहेच, आता त्याला 'सूक्ष्म वैशिष्ट्यपूर्ण खूण' म्हटलंय. शिवाय त्याने पहिल्या तक्रारीवर हरकत घेतली तर काय होतं?

कलमदान

हरकत घेतली तर, अमेरिकन पद्धतीत, त्याला स्वतःचं खरं नाव-पत्ता देऊन तिथल्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं. मग तुम्ही दावा लावला नाहीत तर साधारण १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत नोंद परत चढू शकते. कागदावर ही तुमच्यासाठी वाईट बातमी आहे. प्रत्यक्षात चोरलेल्या फोटोंवर विकणारा माणूस खरं नाव-पत्ता लिहून द्यायला धजावत नाही.

आपल्याकडचा कायदाही सांगून ठेवते, कारण 'भारतीय कायद्याने ३६ तासांत काढायला लावा' असं कुणीतरी म्हणेलच. कलम ५२(१)(सी) आणि २०१३ च्या नियमांतला नियम ७५ यांत ते ३६ तास आहेत खरे. पण त्या तक्रारीत तुम्ही लिहून द्यायचं असतं की मी सक्षम कोर्टात दावा लावीन आणि २१ दिवसांत आदेश आणीन. आदेश आला नाही तर साइट मजकूर परत दाखवू शकते. एका घड्याळासाठी हे कोण करणार? म्हणून आधी साइटचा स्वतःचा फॉर्म. दावा लावायचाच ठरला तर कलम ६२ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या कोर्टात लावता येतो, चोराच्या गावी जावं लागत नाही, एवढी सोय आहे.

फौजदारी बाजूही आहे. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो खटल्यात हा गुन्हा दखलपात्र ठरवला, म्हणजे पोलिस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात. तरी पोलिसांकडे जायचं झालं तर कॉपीराइटपेक्षा फसवणूक पुढे ठेवा. 'साहेब, माझा फोटो उचलला' यावर चहा मिळेल. 'या फोटोवर पैसे घेऊन माल पाठवला नाही' यावर तक्रार घेतात. पण ती ज्याचे पैसे गेले त्याने करायची.

आता फिरवलेल्या मजकुराचं. शब्द बदलले आणि उरली ती माहिती, तर तुमच्या हातात फारसं काही नाही. जी वाक्यं अजून जशीच्या तशी आहेत तेवढीच दाखवून द्या. मी तुमच्या जागी असते तर मजकुराचा पिच्छा सोडून ज्याचे फोटो उचललेत त्याला शोधून कळवलं असतं. तक्रार त्याची चालेल.

आणि दरवेळी आधी स्क्रीनशॉट, मग तक्रार. पत्ता आणि तारीख दिसेल असा, आख्ख्या पानाची पीडीएफ, जमलं तर वेबॅक मशीनवरही (जुनी वेबपानं जपणारी साइट) पान साठवा. नोंद उतरल्यावर पुरावाही उतरतो. कोर्टात लागलं तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलची हॅश (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा संकेतांक) लिहायची असते, म्हणून फाइल जपा.

मॅक्रो_मामा

नव्या नोंदीतले फोटो लेन्सवर टाकले. चेन्नईच्या एका संग्राहकाचे आहेत, तीन वर्षांपूर्वीची पोस्ट. टिकटिक, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

तिरकस

तो माणूस उद्या तिसरं खातं उघडेल. मांजर-उंदराचा खेळ आहे, जन्मभर पुरेल.

जुना_भिडू

उघडेल की. नव्या खात्याला शेरे नसतात, शेरे नसले की किंमत येत नाही. त्याचं नुकसान तिथेच होतं.

पण सगळ्यांना एकाच काठीने हाणू नका. काही जण खरोखरच तेच मॉडेल विकत असतात, फक्त फोटो काढायचा कंटाळा म्हणून तुमचा लावतात. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर माल घेणारे बरेच दुकानदार असे. मी साधा निरोप पाठवतो: "फोटो माझा आहे, तुमच्या मालाचा लावा, नाहीतर उद्या गिऱ्हाईक ओरखड्यावरून माल परत करेल." बरेच जण दुसऱ्याच दिवशी बदलतात. एकाशी तर त्यातून ओळख झाली, आता सुटे भाग त्याच्याकडूनच आणतो. ज्याच्याकडे माल नाहीच त्याच्यावर फॉर्म टाकायचा. दोघांतला फरक शुभदाताईंच्या सात पंचवीसने कळतो.

टिकटिक

चेन्नईच्या गृहस्थांशी बोलणं झालं. त्यांना पत्ताच नव्हता, आज रात्री तक्रार टाकतायत. त्यांना तो ६३ चा आणि १९ चा सगळा प्रतिसाद इंग्रजीत करून पाठवला. कलमदान, चालेल ना?

कलमदान

कर्ता म्हणून माझं नाव टाका, नाहीतर कलम ५७ लावीन. :)

नाणेफेक

उशिरा आलो. माझा प्रश्न जरा वेगळा. आमचा नाण्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, रात्री नऊला फोटो टाकतात आणि त्याखाली बोली. परवा एकाने माझ्या चांदीच्या रुपयाचा फोटो टाकून दोन जणांकडून टोकन घेतलं. तिथे ना फॉर्म, ना व्हेरो. काय करायचं?

मॅक्रो_मामा

फॉर्मचं कलमदान सांगतील. पण आज रात्रीच अॅडमिनला सांगा की बोली लावण्याआधी नाणं तळहातावर, शेजारी त्या दिवसाचा आकडा लिहिलेली चिठ्ठी, असा व्हिडिओ सक्तीचा करा. दहा सेकंदांचा. फोटोवर बोलीच नको.

कलमदान

अॅपमधूनच त्या सदस्याला रिपोर्ट करता येतं आणि व्हॉट्सअॅप कॉपीराइटच्या तक्रारी घेतं, पण त्याला वेळ जाईल. तुमच्या प्रकरणात पैसे गेलेत आणि ते त्या दोघांचे. त्यांनी १९३० वर आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर व्यवहाराचा क्रमांक देऊन तक्रार करावी. तुम्ही त्यांना तुमचा मूळ फोटो आणि नाणं अजून तुमच्याकडेच असल्याचा आजचा व्हिडिओ द्या. ग्रुपमधलं संभाषण एक्सपोर्ट करून ठेवा, तो माणूस ग्रुप सोडायच्या आधी.

नाणेफेक

सोडला त्याने काल. पण संभाषण आहे माझ्याकडे, एक्सपोर्ट करतो. दोघांपैकी एक ठाण्याचे आहेत, त्यांना आत्ताच फोन लावतो.